बेतीचा धक्का: आठवणी लिहा

बेतीची_बाय: काल पणजीच्या अटल सेतूवरून येताना मुलीने खाली बोट दाखवलं, "आई, ही फेरी अजून चालते?" आणि मला आईची हाक आठवली, "पळ गो, फळी उचलली बघ!"
1986 च्या जुलैत मांडवीचा पूल पडला तेव्हा मी सातवीत, शाळा पणजीला. दुसऱ्या दिवसापासून अख्खा बारदेस तालुका आमच्या बेतीच्या धक्क्यावर, फेरीसाठी. पाऊस, ढोपरभर चिखल, पुढच्याच्या छत्रीची तार डोळ्यात. पणजी समोर दिसतेय, चर्चची घंटा ऐकू येतेय, आणि पहिला तास बुडालेला. नवा पूल 1992 ला झाला, तोवर माझी बारावी त्या फेरीवरच उरकली. तुमचंही लिहा.

सुंगटां: डबा कुणी पाण्यात पाडलाय का? मी पाडला. हुमणाचा, म्हणजे माशाच्या कालवणाचा. फेरीवाला म्हणाला, "माशांचं होतं, माशांना गेलं." घरी आईने अर्थातच विनोद मानला नाही.

पर्वरीकर: राजधानी म्हणे पणजी! विधानसभा 2000 पासून आमच्या पर्वरीच्या माथ्यावर. आधी आम्ही फायली घेऊन फेरीने जायचो, आता आमदार पूल ओलांडून इकडे येतात. फिटंफाट.

निनावी_वहिनी: पूल पडला त्या दिवशी बाबा पलीकडे ऑफिसात. घरी फोन नव्हता. आई धक्क्यावर उभी, प्रत्येक फेरीतून उतरणारं तोंड बघत. दिवेलागणीला बाबा आले, हातात पावाची पिशवी, पाव भिजून लगदा. आई काही बोलली नाही, पिशवी घेतली आणि चालायला लागली. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय.

बेतीची_बाय: @निनावी_वहिनी, नक्की लिहा हं.

चेकनाका: गोव्याचा नाही, तरी घुसतो. आम्ही मुलुंड चेकनाक्याचे, ठाण्याच्या बाजूला. आमची राजधानी रस्त्यापलीकडे, मध्ये जकातनाका. 2017 ला जकात गेली आणि ट्रकच्या रांगांबरोबर नाक्यावरचा वडापाववालाही गेला. तसला ठेचा पुन्हा नाही मिळाला. रिक्षावाला अजूनही विचारतो, "मुंबईत जायचंय?" अहो, समोरच्या फुटपाथवर!

सुंगटां: @चेकनाका, बसा, तुम्हीही बेतीकरच.

रेईश_मागूश: आमच्या चर्चच्या तीन राजांच्या फेस्ताला, 6 जानेवारीला, पणजीची पाहुणी मंडळी फेरीने यायची. तेवढा एक दिवस रांग उलटी. मी टेकडीवरून बघून सुखावायचो. फेरीत चालत जाणाऱ्याला आजही तिकीट नाही, हे मुलांना खरंच वाटत नाही.

मांडवी_७२: आजी चार वर्षं अंथरुणाला होती. पहिल्यांदा बाहेर आणली तर समोर नदीत कॅसिनोंची रोषणाई. म्हणाली, "जत्रा कुणाची रे?" कॅसिनो म्हटलं तर कळेना. जुगार म्हटल्यावर लगेच कळलं. "मग तुझा आजोबा असता तर पोहत गेला असता."

पर्वरीकर: 😂😂 आजीला नमस्कार.

निनावी_वहिनी: आले. लिहायचं एवढंच की तो लगद्याचा पाव आईने तव्यावर भाजला आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ला. बाबा सोडून. त्यांना आधी आंघोळ करून यायला सांगितलं होतं.

सुंगटां: मालीमच्या जेटीवर कुणी जाणार आहे का उद्या सकाळी? ट्रॉलरची बंदी उठलीय. दोन किलो सुंगटां (कोळंबी) माझी. डबा सांभाळून आणा.