फेब्रुवारीत औली: बर्फ, स्कीइंग, कसं जमवायचं?

डोंगरवेडी: फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं उत्तराखंडातल्या औलीला जायचं म्हणतोय, मुलगी ११ वर्षांची, स्कीइंग कुणालाच येत नाही. हरिद्वारहून एका दिवसात होतं का? आणि जोशीमठहून वर औलीला जाणारा रोपवे चालू आहे का?

नाशिककर: एका दिवसाच्या नादी लागू नका हो, अंतर पावणेतीनशे किमीच्या आसपास पण सगळा घाट, त्यात दरड आली की बसा तासन्‌तास. आम्ही रुद्रप्रयागला मुक्काम केला, फार बरं पडलं. रोपवे २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली तेव्हा बंद झाला, त्याच्या भरवशावर राहू नका, जीपने जा. बर्फ जास्त असला की जीपवाले चाकांना साखळ्या बांधतात, तरी शेवटचा तुकडा आम्ही सॅक पाठीवर घेऊन चालतच गेलो.

हिमवेल: गढवाल मंडल विकास निगमचे (तिथली सरकारी पर्यटन संस्था) ७ आणि १४ दिवसांचे स्की कोर्स असतात, मुलीच्या वयाचं आधी फोन करून विचारा. पहिला दिवस नुसता पडण्यात जातो. बुटात जाड मोज्यांची एकच जोडी घाला, माझ्या मुलाने दोन घातल्या आणि संध्याकाळी बूट काढला तर टाचेला हा एवढा फोड! जीन्स अजिबात नको, ओली झाली की वाळतच नाही. आणि पहाटे उठाच, नंदादेवीवर ऊन येतं ते बघायला.

डोंगरवेडी: मग दोन दिवस वाढवतेच. मोज्यांचं खरंच डोक्यात नव्हतं, थँक्यू!

नाशिककर: कॅश जोशीमठलाच काढून ठेवा.