मदत हवी आहे: माशातला गोलकृमी, कॉन्ट्रासीकम की हिस्टेरोथायलॅशियम?

मंडळी, बांगड्याच्या यकृतावर आणि आतड्याभोवतीच्या पडद्यात घड्याळाच्या स्प्रिंगसारखं वेटोळं घालून बसलेले नऊ पांढुरके कृमी सापडले. वेटोळी बघून वहीत बिनधास्त 'ॲनिसाकिस' (माशांत सापडणाऱ्या गोलकृमींचा एक गट) लिहून टाकलं. मग एक लॅक्टोफिनॉलमध्ये पारदर्शक केला आणि पंचाईत झाली. अन्ननलिका संपते तिथला व्हेंट्रिक्युलस (आतड्याआधीचा ग्रंथींचा भाग) ॲनिसाकिससारखा लांबट नळीचा नाही, बारकासा गोल आहे. त्याचा एक फाटा मागे शेपटीकडे गेलाय आणि आतड्याचा एक बंद फाटा पुढे तोंडाकडे आलाय. डोक्याशी दात, लांबी १४ मिलिमीटर, जननेंद्रियं तयार नाहीत. म्हणजे तिसऱ्या अवस्थेतली अळी असावी. ॲनिसाकिसला हे फाटे नसतात, इथवर कळलं. पण कॉन्ट्रासीकम आणि हिस्टेरोथायलॅशियम, या दोन्ही गटांत दोन्ही फाटे असतात. आता काय बघू? (सहा कृमी फॉर्मॅलिनमध्ये टाकून बसलोय, दोन अल्कोहोलमध्ये. ओरडू नका.)

प्रतिसाद १
वेटोळ्यावर जाऊ नका, बऱ्याच अळ्या तशाच बसतात. उत्सर्जन छिद्र शोधा. कॉन्ट्रासीकममध्ये ते ओठांच्या बुडाशी उघडतं, हिस्टेरोथायलॅशियममध्ये खाली मज्जावलयाच्या (अन्ननलिकेभोवतीचं मज्जातंतूंचं कडं) पातळीवर. अळी उताणी असेल तर जन्मात दिसणार नाही. कव्हरस्लिप अलगद सरकवून तिला कुशीवर आणा आणि पोटाकडच्या कडेने फोकस वरखाली करत जा. नुसता पुढचा फाटा असता तर स्यूडोटेरानोव्हा (असाच आणखी एक गट) म्हटलं असतं.

प्रतिसाद २
फॉर्मॅलिनमधल्या सहांचा डीएनए बिघडतो, ते आकार बघायला वापरा. अल्कोहोलमधल्या दोघांचं डोकं आणि शेपूट स्लाइडसाठी कापा, मधला तुकडा आयटीएस किंवा कॉक्स-टू (जात ओळखायला वाचतात ते डीएनएचे भाग) तपासायला द्या. डोक्याकडचा तुकडा फाट्यांच्या मागून कापा, नाहीतर ओळखच हातची जायची. नुसती अळी बघून जातीचं नाव मात्र लिहू नका. ॲनिसाकिसमध्येच सिम्प्लेक्स, पेग्रेफी आणि बरलँडी या तिन्हींच्या अळ्या 'टाईप वन' म्हणून एकसारख्या दिसतात. पुढच्या वेळी गरम ७० टक्के अल्कोहोलमध्ये सोडा, सरळ ताठ होतात.

धागाकर्ता
कुशीवर आणायला पाऊण तास गेला, पण छिद्र सापडलं. मज्जावलयाच्या जरासं खाली. वहीत 'ॲनिसाकिस' खोडून 'हिस्टेरोथायलॅशियम, तिसरी अवस्था, जात अनिश्चित' लिहिलंय. दोन्ही मधले तुकडे डीएनएला जातील.