श्रद्धा आटली तरी काम थांबलं नाही, असं झालंय का तुमचं?

मदर तेरेसांवरचा ‘द लेटर्स’ (2014) नुकताच पाहिला. त्यांची खासगी पत्रं 2007 साली पुस्तकरूपाने आली तेव्हा खळबळ उडाली होती. देव जवळ आहे असं त्यांना जवळपास पन्नास वर्षं जाणवतच नव्हतं. ती पत्रं नष्ट करा, असं त्या स्वतःच सांगत होत्या. ज्युलिएट स्टीव्हनसनने काम जीव ओतून केलंय, पण आतला काळोख आपल्याला कळतो तो बराचसा त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक फादर व्हान एक्झेम यांच्या तोंडून. 1946 साली दार्जिलिंगच्या गाडीत तेरेसांना आलेली, गरिबांत जाऊन काम करण्याची देवाची हाक सगळ्यांना ठाऊक असते. त्यानंतरची शांतता त्यांनी कशी सोसली, ते मला बघायचं होतं.

सातारा-सांगलीकडच्या सेवाभावी मंडळींनो, लिहा. आस्तिक-नास्तिक वाद नको, अनुभव हवेत.

मिरज, निवृत्त सिस्टर
आमच्या वेळी प्रार्थना झाल्याशिवाय वॉर्डचं काम सुरू होत नसे. भाजलेल्या केसेस यायच्या, बहुतेक नवी लग्नं झालेल्या मुली. जबाबात ‘स्टोव्हचा भडका’. अशीच एक पहाटे गेली. त्यानंतर प्रार्थनेला उभी राहायचे, ओठ हलायचे, आत काही नाही. सांगायचं कुणाला? पण ड्रेसिंगची ट्रॉली निघायची ती निघायचीच. सलाइनने पट्टी भिजवून हळूहळू सोडवायची, नाहीतर नवी कातडी सोलून येते. तेवढा वेळ देव आहे की नाही हा प्रश्न मनात यायचाच नाही. पुढे कधीतरी ते शब्द परत आपले वाटायला लागले. तेरेसांच्या वाट्याला तेवढंही फारसं आलं नाही, हे वाचून रडू आलं.

आणखी एक बोलायलाच हवं. तेरेसांच्या कालीघाटच्या निर्मल हृदय या मरणासन्नांसाठीच्या घरात जोरकस वेदनाशामकं नव्हती, असं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी 1994 मध्ये लिहिलं होतं. तेरेसांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, वेदना सोसण्यात पुण्य आहे असं मी कुठल्याच पेशंटच्या उशाशी म्हणणार नाही.

सांगलीवाडी
2019 चा पूर. चहूबाजूंनी पाणी. ब्रह्मनाळला बोट उलटल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला नाही. सकाळी परत होडीत बसलो, दुधाच्या पिशव्या आणि बीपीच्या गोळ्या वाटायला. तेव्हापासून दिवा आईच लावते.

लोणंद
मी माळकरी. माउलींची पालखी आमच्या गावी मुक्कामाला असते. तेरेसांच्या पत्रांनी लोकांना एवढा धक्का का बसावा? दुष्काळात तुकोबांची बायको गेली, पोरगा गेला. ‘माझ्या लेखी देव मेला’ इथवर ते बोलून गेले, आणि त्यांनाच आपण डोक्यावर घेऊन नाचतो. कीर्तनात मात्र हे अभंग कमीच ऐकू येतात, याची मला खंत आहे.

सिस्टर, वेदनेचं तुमचं म्हणणं पटलं. पायाला फोड आलेला वारकरी आला की आम्हीही आधी मलमच लावतो. आणि सांगलीवाडीचे दादा, दिवा का लावत नाही ते आईंना कधी सांगितलंत का?