मूळ करार गहाळ झाला आहे : घर घेता-विकताना अडलेले कागद (अनुभव धागा)

उंबरठा:
आज सकाळी पेपरात एक जाहीर सूचना दिसली. कुणाच्या तरी सदनिकेचा मूळ करारनामा गहाळ झालाय, हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवा वगैरे. एरवी ते पान मी उलटून टाकते. आज थांबले, कारण सहा वर्षांपूर्वी अशीच चौकट आमच्या नावाने छापून आली होती.

आईबाबांनी १९८९ साली रिसेलचा फ्लॅट घेतला. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली, मग तो विकायचं ठरलं. माणसं चांगली मिळाली, इसार घेतला, साठेखताचा मसुदासुद्धा तयार झाला. आणि त्यांच्या बँकेच्या वकिलांनी विचारलं, बिल्डरने पहिल्या मालकाशी केलेला करार कुठाय? आमच्याकडे बाबांचा करार, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कराच्या पावत्या, सगळं होतं. तेवढा एक नव्हता. बिल्डरकडून पहिला मालक, त्याच्याकडून बाबा, अशी घराची साखळी असते आणि बँकेला त्यातली प्रत्येक कडी बघायची असते, हे मला त्या दिवशी कळलं.

पोलिसांकडून गहाळ दाखला, दोन पेपरांत सूचना, दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल. करार नोंदलेला होता म्हणून नक्कल तरी मिळाली. साडेतीन महिने गेले. रोज संध्याकाळी आई विचारायची, "ह्यांना कुणी फसवलं होतं का गं?" बाबांनी ओव्हरटाइम करून घेतलेलं घर. त्याबद्दल तिला असं वाटावं, ते मला अजून सलतं.

तुमचं काय अडलं होतं?

माळरान:
आमच्याकडे साखळी पूर्ण होती, पण मधल्या एका करारावर मुद्रांक कमी भरलेला. चूक १९९२ च्या खरेदीदाराची, भुर्दंड आम्हाला. थकलेल्या रकमेवर दंड चढत जातो, तो आकडा बघून झोप उडाली होती. मुद्रांक शुल्काची अभय योजना २०२३ आली तेव्हा त्यात १९८० ते २०२० मधले दस्त बसत होते, दंडात सूट मिळाली आणि सुटलो. आईंना नमस्कार सांगा.

पागोळी:
नॉमिनी!!! यावर कुणीतरी लिहाच. माझ्या मोठ्या दिरांना अजून वाटतं की सोसायटीच्या फॉर्मवर त्यांचं नाव आहे म्हणजे घर त्यांचं.

कडुनिंब:
@पागोळी नॉमिनी हा सांभाळणारा, मालकी वारसांचीच. २०१९ ला सहकार कायद्यात बदल झाला, त्यानुसार वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरतं सभासद करतात. दिरांशी भांडू नका, मृत्युपत्र आहे का ते आधी बघा.

आमच्या घरी वडिलांनंतर आम्ही तिघं भावंडं. दोघी बहिणींनी माझ्या नावे हक्कसोडपत्र केलं. २०१८ ची गोष्ट, तेव्हा २०० रुपयांचा मुद्रांक पुरला, नोंदणीचं वेगळं. धाकटी अंगठा ठेवायला उठली आणि परत खाली बसली. म्हणाली, दादा, दिवाळीला येत जाऊ ना? त्या कार्यालयात पन्नास माणसं होती, मला रडू आवरलं नाही. कायद्याने तिचा माझ्याइतकाच वाटा होता. तिने तो सोडला, मी घेतला. पुढे तिच्या मुलीच्या शिक्षणाचा निम्मा खर्च मी उचलला, पण तो हिशेब बरोबर झाला असं कधीच वाटलं नाही.

पागोळी:
दादा, डोळ्यांत पाणी आलं. हक्कसोडपत्र नोटरीकडे केलेलं चालतं का?

कडुनिंब:
नाही ताई. नोंदवावंच लागतं.

मधली_सुट्टी:
वर्गातून लिहितेय, पटकन. कर्ज दुसऱ्या बँकेत नेताना आमचे मूळ कागद अधांतरी. नव्या बँकेने जुनीचे पैसे चुकते केले, जुनी म्हणते कागद मध्यवर्ती साठ्यातून यायचेत. आज येतील, उद्या येतील. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद द्यायचे, उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला ५००० रुपये. १ डिसेंबर २०२३ पासून लागू. लेखी अर्जात हे लिहिलं आणि आठवड्यात फोन आला. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी शिक्क्यासह जपून ठेवली होती, तिचा फार उपयोग झाला. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, तोही मागितला होता आमच्याकडे! घंटा झाली.

दुपारचा_चहा:
कागद मिळाले तरी बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरला का ते बघा. गावच्या घरावर सासऱ्यांनी सोसायटीचं कर्ज काढलेलं, फेडून वीस वर्षं झाली. सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा तसाच. फेडल्याचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफार, मग कुठे ती ओळ गेली. सासरे तोवर नव्हते. ते फार मानी होते, सातबाऱ्यावर कर्ज दिसतं हे कळलं असतं तर जेवले नसते.

माळरान:
सातबारा निघालाच आहे तर, प्लॉट घेणाऱ्यांनी भोगवटादार वर्ग-२ लिहिलंय का ते वाचा. ती जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. माझ्या मित्राने इसार देऊन टाकला होता. पैसे परत मिळाले, पण दोन वर्षांनी.

गच्ची:
मी फक्त वाचायला आलो होतो. @उंबरठा, जुन्या कराराची नक्कल काढायला दस्त क्रमांक लागतो ना? आमच्याकडे तोही नाही. ट्रंकेत ठेवलेला करार वाळवीने खाल्ला, पहिली चार पानं गेली.

उंबरठा:
अरेरे. नावावरून आणि सालावरून शोधता येतं. ऑनलाइन शोधात आमचं साल सापडलं नाही, म्हणून कार्यालयात फी भरून सूची बघितली. इंडेक्स टू, म्हणजे त्या सूचीचा उतारा, त्यात मिळकतीचं वर्णन, नावं, दस्त क्रमांक असतो. पुढच्या खरेदीच्या करारातही बहुतेक मागच्याचा उल्लेख असतो, तो आधी वाचा.

खिडकीपाशी:
टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशांतून आधीच कापायचा आयकर, कुणी लिहिलाच नाही. ५० लाख किंवा जास्त किंमत असेल तर घेणाऱ्याने १ टक्का कापून भरायचा. आम्ही नवराबायको दोघं खरेदीदार, विकणारे दोघे भाऊ, म्हणजे एकाहून जास्त फॉर्म हवे होते. आम्ही एकच भरला. आणि त्यातला एक भाऊ परदेशात स्थायिक, त्याच्यासाठी १ टक्क्याचा नियमच नाही, बराच जास्त कापावा लागतो. हे आम्हाला नोटीस आल्यावर कळलं. माझ्या डिलिव्हरीला दीड महिना उरलेला. विकणारा कुठे राहतो हे आधी विचारा हो, लाजू नका.

पागोळी:
बाळ कसं आहे आता?

खिडकीपाशी:
चार वर्षांची आहे, आत्ता फोन ओढतेय :) बाय

गच्ची:
@उंबरठा करार वाचला. पान सहावर आधीच्या दस्ताचा क्रमांक आणि तारीख आहे! सोमवारी रजा टाकतो.

पागोळी:
मी पण कपाट काढून बसले. शेअर सर्टिफिकेटच्या मागे अजून सासऱ्यांचंच नाव, नंतर काहीच चढवलेलं नाही. सेक्रेटरींना फोन लावते, जेवायच्या आत.