‘डेकोरेटिव्ह आर्ट्स’ला मराठीत काय म्हणावं? (आणि हायबॉयला?)

खडीसाखर:
नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. अमेरिकेतलं जुनं फर्निचर, चांदीची नि मातीची भांडी, क्विल्ट (म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेली पांघरुणं) या सगळ्याचा अभ्यास घरबसल्या, इंटरनेटवर कसा करता येतो, असा विषय. मी डेलावेअरमध्ये विल्मिंग्टनजवळ राहते. हेन्री फ्रान्सिस द्यू पाँचं विंटरथर संग्रहालय इथून जवळ आहे, म्हणून हा नाद लागला. लेख झालाय, पण संपादकांनी ‘सजावटी कला’वर लाल रेघ मारली. म्हणाले, वाचकाला तोरणं आणि गणपतीची मखरं आठवतील. त्यांनी ‘अलंकरण कला’ सुचवलं. मला त्यात सोनाराचं दुकान दिसतं. दुसरी अडचण ‘मटेरियल कल्चर’ची, म्हणजे वापरातल्या वस्तूंवरून माणसांचं जगणं समजून घेण्याची. तिसरी हायबॉयची. हायबॉय म्हणजे खाली उंच पायांचा घोडा आणि त्यावर खणाखणांचं कपाट, असा दोन भागांचा नग. फिलाडेल्फिया, न्यूपोर्ट, बॉस्टन इथले नामी. सुचवा.

सुतारपक्षी:
‘उपयोजित कला’ रूढ आहे की. जे.जे.च्या पाटीवरच आहे.

उत्तररात्र:
त्याच पाटीखालून पाच वर्षं ये-जा केली आहे. मुंबईत ‘उपयोजित कला’ म्हटलं की जाहिरात, पोस्टर, अक्षरलेखन. कपाटाच्या पायावर कोरलेला पंजा त्यात कुणालाही दिसणार नाही.

शुद्धमती:
‘गृहशिल्प’ घ्या. शिल्प म्हणजे मुळात कारागिरीच. सुतार, लोहार, कुंभार सगळे शिल्पीच. इतका स्वच्छ शब्द हाताशी असताना परभाषेपुढे हात का पसरावे?

सुतारपक्षी:
शुद्धमतीताई, आज मराठी माणसाला ‘शिल्प’ म्हटलं की चौकातला पुतळा दिसतो. ‘गृहशिल्प’ म्हणजे दिवाणखान्यात बसवलेला पुतळा.

शुद्धमती:
लोकांचा अर्थ घसरला म्हणून शब्द सोडून द्यायचा का? वापरत राहिलं की अर्थ परत येतो.

आडगावचा:
‘हस्तकला’ कुणीच कसं म्हटलं नाही?

खडीसाखर:
‘हस्तकला’ शाळेच्या तासाला गेला, घोटीव कागदाच्या होड्यांसकट. :)
मूळ इंग्रजी शब्दही काही निरागस नाही. चित्रं आणि पुतळे ‘ललित’, बाकी सगळं ‘डेकोरेटिव्ह’ अशी ती संग्रहालयांची उतरंड आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १९२४ साली ‘अमेरिकन विंग’ हे दालन उघडलं. तिथे जुन्या घरांच्या अख्ख्या खोल्याच आणून बसवल्या होत्या, तेव्हा कुठे या वस्तूंना जरा मान मिळाला. विंटरथर लोकांसाठी उघडलं १९५१ मध्ये आणि पुढच्याच वर्षी डेलावेअर विद्यापीठाबरोबर त्यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. आता त्या गोतावळ्यातले लोक ‘मटेरियल कल्चर’ हाच शब्द जास्त वापरतात.

निरंजन_न:
त्याला ‘भौतिक संस्कृती’ म्हणतात. पुरातत्त्वात सर्रास चालतं. विषय संपला.

उत्तररात्र:
पुरातत्त्वात चालतं, दिवाळी अंकात नाही. ‘भौतिक’ वाचलं की अर्ध्या वाचकांना भौतिकशास्त्र आठवतं आणि उरलेल्यांना भौतिकवादाचा निषेध करणारे कीर्तनकार.

आडगावचा:
‘चीजवस्तू’! आमच्याकडे कुणी गेलं की म्हातारी माणसं विचारायची, ‘चीजवस्तू काय काय होती?’ भांडी, डागदागिने, अंथरूण-पांघरूण, विळा-कोयता सगळं त्यात आलं. ‘चीजवस्तूंची संस्कृती’ म्हणा.

शुद्धमती:
‘चीज’ फारसी आहे.

आडगावचा:
आणि ‘वस्तू’ संस्कृत. दोघं एका घरात नांदताहेत, आपल्याला काय त्रास?

खडीसाखर:
आडगावचा, हे मात्र आवडलं, आणि तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त चपखल आहे. या अभ्यासाचं एक मोठं साधन म्हणजे मृत्यूनंतर केलेल्या याद्या. न्यू इंग्लंडच्या वसाहतीत माणूस गेला की शेजारचे दोन-तीन जाणते लोक घरात फिरून प्रत्येक नगाची नोंद करायचे आणि त्याची किंमत लिहायचे. प्लिमथ वसाहतीतल्या अशा याद्या इंटरनेटवर वाचायला मिळतात. पलंग, गाद्या, तवे, जुनं लोखंड, सगळं. चीजवस्तूच.
आणि हायबॉयची गंमत तिथेच कळते. अठराव्या शतकातल्या यादीत तुम्हाला ‘हायबॉय’ सापडणार नाही. तिथे ‘हाय चेस्ट’ किंवा नुसतं ‘चेस्ट ऑफ ड्रॉवर्स’. ‘हायबॉय’ हे नंतरच्या, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, जुन्या वस्तू जमवणाऱ्यांनी चालवलेलं नाव. म्हणून संग्रहालयाच्या शोधपेटीत ‘हायबॉय’ टाकलं तर चांगले चांगले नग निसटतात, ‘हाय चेस्ट’ टाकलं की रांग लागते. गेटी संस्थेचा कला आणि वास्तुकलेचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. त्यात प्रत्येक वस्तूचं मान्य नाव आणि त्याचे पर्यायी शब्द एकाखाली एक दिलेले असतात. आधी तिथे डोकवायचं, मग संग्रहात शोधायचं.

सुतारपक्षी:
म्हणजे इंग्रजांनाही त्यांच्या कपाटाचं नाव ठरवता आलेलं नाही. मग आपण का झुरतोय?
बाकी, ‘कपाट’ हा शब्द ‘कपबोर्ड’वरून आला असं आमचे एक सर सांगायचे.

निरंजन_न:
काहीही. कपाट संस्कृत आहे, मूळ अर्थ दाराची फळी. हिंदीतलं किवाड तिथलंच. दाराचं नाव पुढे दार असलेल्या वस्तूला चिकटलं. परका शब्द हवाच असेल तर ‘अलमारी’ घ्या, ती पोर्तुगीजांबरोबर आली.

उत्तररात्र:
म्हणजे हायबॉयला ‘कपाट’ म्हणता येणार नाही. त्याला दारं नसतात, नुसते खण.

सुतारपक्षी:
‘खण’ही धोक्याचा आहे. ‘खणांचा उंच नग’ वाचून माझी आई विचारील, इरकली की गुळेदगुड्ड?

आडगावचा:
खालचा भाग म्हणजे घडवंचीच ना? पायांची चौकट, तिच्यावर काहीतरी ठेवायचं. आमच्याकडे तिच्यावर अंथरुणांची चळत असायची. ‘घडवंचीपेटी’ म्हणा.

खडीसाखर:
घडवंचीपेटी! हाय चेस्टमध्येही घड्या केलेले कपडे, चादरी, टेबलक्लॉथच ठेवत असत. घरात कापड किती आहे, हे श्रीमंतीचं माप होतं. इंग्लंडात ही फॅशन लवकर मावळली, अमेरिकेत मात्र अठराव्या शतकाच्या शेवटाकडेपर्यंत टिकली. म्हणून ती ‘अमेरिकन’ वस्तू मानतात.

शुद्धमती:
हा शब्द मला मान्य आहे. नोंद असावी.

निरंजन_न:
मला नाही. घडवंचीला खण नसतात, आणि हायबॉयच्या खालच्या भागातही खण असतात, फोटो पाहा. घडवंची म्हटलं की नुसती चौकट. वाचक चुकीचं चित्र उभं करेल.

पोलका_डॉट:
मी नवीन आहे, मध्येच बोलते. अठराव्या शतकातल्या बॉस्टनच्या पॉल रिव्हियर या कारागिराला तुम्ही काय म्हणणार? मी मुलांसाठी छोटा मजकूर करत होते, ‘सोनार’ लिहिलं तर नवरा म्हणाला, अगं तो चांदीचं काम करायचा. १७६८चा त्याचा ‘सन्स ऑफ लिबर्टी’ वाडगा बॉस्टनच्या म्युझियममध्ये आहे, तो चांदीचाच.

शुद्धमती:
रौप्यकार.

सुतारपक्षी:
आमच्या पेठेत रौप्यकार म्हणून हाक मारली तर एकही माणूस मागे वळून बघायचा नाही.

खडीसाखर:
पोलका_डॉट, ‘सोनार’च ठेवा. वसाहतीच्या काळात तिकडेही चांदीकाम करणारे स्वतःला ‘गोल्डस्मिथ’च म्हणवत. आपल्याकडेही चांदीचं निरांजन सोनारच घडवतो. नवऱ्याला सांगा.
धंद्यांच्या नावांसाठी आणखी एक जागा सांगते. नॉर्थ कॅरोलायनात विन्स्टन-सेलमला मेस्डा म्हणून संग्रहालय आहे, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जुन्या कारागिरीचं, १९६५ पासूनचं. जुनी वर्तमानपत्रं आणि कोर्टाची कागदपत्रं चाळून त्यांनी तिथल्या कारागिरांची सूची केली आहे, ती इंटरनेटवर खुली आहे. धंदा निवडा, गाव निवडा, नावं येतात. त्यातली धंद्यांची यादी मराठीत आणताना मला आपले शब्द आठवत गेले: लाकूड चरकावर धरणारा कातारी, तांबट, कुंभार. ‘कॅबिनेटमेकर’ आणि ‘जॉइनर’ या दोघांनाही मात्र ‘सुतार’च लिहावं लागलं.

उत्तररात्र:
कुंभार म्हटल्यावर डेव्हिड ड्रेकचं नाव घ्यायलाच हवं. साउथ कॅरोलायनातल्या एजफील्डचा गुलाम कुंभार. भल्यामोठ्या बरण्यांवर ओल्या मातीत ‘डेव्ह’ अशी सही, तारीख, कधी दोन ओळींची कविता. आणि हे कुठे, तर जिथे १८३४च्या कायद्याने गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं गुन्हा ठरवलं होतं. खारवलेलं मांस भरून ठेवायची बरणी ती. तिला ‘सजावटी’ म्हणताना जीभ अडखळते. संपादक तोरणांना घाबरले, माझा आक्षेप वेगळा आहे. या शब्दात वापर पुसला जातो आणि वापरणारेही.

आडगावचा:
बरणी नाही हो, रांजण म्हणा. फोटो पाहिला, दोन माणसं लागतील उचलायला.

निरंजन_न:
रांजण पाण्याचा, आणि बिनझिलईचा. याला झिलई आहे. बरणीच.

पोलका_डॉट:
क्विल्टला मग गोधडी चालेल ना?

आडगावचा:
वाकळ!

सुतारपक्षी:
झालं. आता तीन दिवस धागा चालणार.

पोलका_डॉट:
का? अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांचे, झिजलेल्या डेनिमचे तुकडे जोडून क्विल्ट केले. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये ते भिंतीवर लागले. आमची आजी जुन्या लुगड्यांची गोधडी करायची, तेच की.

उत्तररात्र:
जीज बेंडला गोधडी शोभते. पण १८४०-५०च्या सुमाराचे बाल्टिमोरचे अल्बम क्विल्ट बघा. नवं कोरं कापड, एकेक चौकोन वेगळ्या बाईने केलेला, त्यावर सही, बहुतेक कुणाला तरी भेट द्यायला. ती काही लुगड्यांची गोधडी नव्हे. तिथे ‘क्विल्ट’च ठेवावं.

शुद्धमती:
‘दुलई’ आहे.

सुतारपक्षी:
दुलईत कापूस आणि हिवाळा आला, चित्र कुठे आलं?

खडीसाखर:
हॅरिएट पॉवर्सचा बायबल क्विल्ट घ्या. गुलामगिरीत जन्मलेली जॉर्जियातली बाई, १८८६च्या सुमाराचं काम, बायबलातल्या गोष्टी कापडाच्या आकृत्यांनी मांडलेल्या. हलाखीच्या दिवसांत तिने तो पाच डॉलरना विकला, आज स्मिथसोनियनमध्ये आहे, त्यांच्या संकेतस्थळावर जवळून बघता येतो. तिथे मी ‘चित्रगोधडी’ लिहिलंय. आणि ज्यांना क्विल्ट बघायचेच आहेत त्यांनी मिशिगन स्टेट विद्यापीठाचा क्विल्ट इंडेक्स उघडावा. संग्रहालयांचेच नाही, लोकांच्या घरातलेही नोंदवलेत.

निरंजन_न:
क्विल्टवरून आठवलं. जुन्या अमेरिकन घरांच्या वर्णनात ‘पॅलमपोर’ येतं. म्हणजे कोरोमंडल किनाऱ्यावरून आलेली रंगवलेली सुती चादर, बहुधा मधोमध फांद्यांचं मोठं झाड. हे पालनपूरवरून आलं असं पुष्कळ जण ठोकून देतात. हा शब्द पलंगपोश. आपला पलंगपोस!

आडगावचा:
आमच्याकडे पलंगपोसच म्हणतात अजून.

उत्तररात्र:
आणि त्याच छिटांमधली फुलं, पक्षी कापून अमेरिकन बायका पांढऱ्या कापडावर शिवायच्या. म्हणजे त्यांच्या क्विल्टवरचा मोर कधी कधी आपल्या किनाऱ्यावरून गेलेला असतो.

सुतारपक्षी:
लाकडातही आहे असं. लॉकवुड डी फॉरेस्ट हा अमेरिकन सजावटकार. लग्नानंतर हिंदुस्थानात आला, १८८१ मध्ये अहमदाबादेत मगनभाई हठीसिंगांबरोबर कोरीवकामाचा कारखाना काढला आणि तिथले सागवानी कोरीव तक्ते न्यूयॉर्कच्या घरांत बसवले. पूर्व दहाव्या रस्त्यावर त्याच्या स्वतःच्या घराची सागवानी खिडकी अजून आहे. तिथून जाणारा गुजराती माणूस नक्की थबकत असणार. आता सांगा, मिस्त्री अहमदाबादचे, घर न्यूयॉर्कचं. ही ‘अमेरिकन’ कला का?

शुद्धमती:
हा प्रश्न शब्दचर्चेचा नाही.

सुतारपक्षी:
‘अमेरिकन’ हा शब्दच आहे, ताई.

खडीसाखर:
कूपर ह्युइट म्युझियममध्ये, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या उद्योगपती कार्नेगींच्या हवेलीत, डी फॉरेस्टची अख्खी सागवानी खोली आहे. लेखात नव्हती, आता घालते. शब्दमर्यादा गेली खड्ड्यात.

पोलका_डॉट:
सुरुवात कुठून करावी? मुलांना दाखवायचंय.

खडीसाखर:
‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’पासून. मंदीच्या काळात, १९३५ ते ४२, सरकारने बेकार चित्रकारांना कामाला लावलं. त्यांनी जुन्या बाहुल्या, पेट्या, कुलपं, भांडी, क्विल्ट यांची जलरंगात हुबेहूब चित्रं केली. सुमारे १८,००० चित्रं, आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत. कापडाचा धागा न् धागा दिसतो. मुलांना फोटोपेक्षा हे आवडेल. नंतर मेटचा, म्हणजे मेट्रोपॉलिटनचा संग्रह. त्यांनी २०१७ पासून आपल्या ताब्यातल्या, हक्क संपलेल्या वस्तूंच्या प्रतिमा कुणालाही वापरायला मोकळ्या केल्यात, त्यामुळे प्रकल्पात छापल्या तरी चालतं. फर्निचरचं वेड लागलंच तर चिपस्टोन फाउंडेशनच्या वार्षिकांतले लेख आणि विस्कॉन्सिन विद्यापीठातली डिजिटल लायब्ररी. पण ते मोठ्यांचं काम.

निरंजन_न:
या सगळ्याला तुम्ही शीर्षकात काय म्हटलंय शेवटी?

खडीसाखर:
सध्या ‘घरगुती चीजवस्तू आणि त्यांची कारागिरी’. संपादकांना कळवलंय.

शुद्धमती:
‘घरगुती’ नको. घरगुती म्हणजे लोणची-पापड.

आडगावचा:
वाकळेचं राहिलंच. सातारा-सांगलीकडे विचारून बघा कुणालाही. गोधडी हा पुण्याचा शब्द आहे.

पोलका_डॉट:
आमची आजी नाशिकची. गोधडीच.

उत्तररात्र:
सीमेपलीकडे कौदी म्हणतात. त्याचा वेगळा धागा काढा, इथे नको.