जेंटू: क्यूटी-वेबइंजिन बिल्ड होताना मधेच 'किल्ड', मेक.कॉन्फमध्ये काय चुकतंय?

टर्मिनलकर:
जेंटूवर (सॉफ्टवेअर सोर्सकोडमधून स्वतः कंपाइल करायला लावणारं लिनक्स) क्यूटी-वेबइंजिन (ब्राउझर इंजिनची लायब्ररी) बांधतोय. रायझन ५ ५६००जी (६ कोअर, १२ थ्रेड), १६ जीबी रॅम, स्वॅप (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) नाही. /व्हार/टीएमपी/पोर्टेज (पोर्टेज या पॅकेज मॅनेजरची बिल्डची जागा) टीएमपीएफएसवर (रॅममधली फाइलसिस्टम), मर्यादा १२ जीबी. मेक.कॉन्फ (बिल्डची सेटिंग्ज) असा:

कॉमन_फ्लॅग्ज="-ओ३ -मार्च=नेटिव्ह -एफएलटीओ -एफफास्ट-मॅथ -पाइप"
मेकऑप्ट्स="-जे१२"
ईमर्ज_डिफॉल्ट_ऑप्ट्स="--जॉब्स=४"
यूज="-* एक्स वेलँड पल्सऑडिओ"

लहान पॅकेजेस पटापट होतात. क्यूटी-वेबइंजिन मात्र "किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस" म्हणत पडतं. फ्लॅग बदलले तर सगळं वर्ल्ड (बसवलेली सगळी पॅकेजेस) पुन्हा कंपाइल करायचं का?

कर्नलपंत:
हा कंपायलरचा दोष नाही, रॅम संपली. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी) 'आउट ऑफ मेमरी' दिसेल. जड सी++ कोडला प्रत्येक जॉबमागे (एकाच वेळी चालणारा एक कंपायलर) साधारण २ जीबी धरतात. १२ जॉब म्हणजे २४ जीबी झाले. त्यात टीएमपीएफएसवरच्या ऑब्जेक्ट फायलीही रॅमच खातात आणि इंटिग्रेटेड ग्राफिक्सचा वाटा वेगळा. --जॉब्स=४ मुळे चार पॅकेजेस एकदम चालली, तर ४८ कंपायलर उभे राहू शकतात.

सगळ्यांसाठी जे८ आणि सोबत -एल८ (लोड ८ वर गेला की नवे जॉब थांबतात) ठेवा, --जॉब्स काढा. जड पॅकेजेससाठी अपवाद करा. /एटसी/पोर्टेज/एनव्ही/जड.कॉन्फ या फायलीत:

मेकऑप्ट्स="-जे४"
पोर्टेज_टीएमपीडीआयआर="/व्हार/टीएमपी/डिस्कवर"

मग /एटसी/पोर्टेज/पॅकेज.एनव्हीमध्ये एक ओळ:

डेव्ह-क्यूटी/क्यूटीवेबइंजिन जड.कॉन्फ

/व्हार/टीएमपी/डिस्कवर ही डिरेक्टरी आधी तयार करून मालकी पोर्टेज युजरला द्या. ते विभाजन नोएक्झेक (प्रोग्रॅम चालवायला बंदी) माउंट असेल तर बिल्ड अडेल. याच पॅकेजचा जंबो-बिल्ड यूज फ्लॅगही (पॅकेजमधली ऐच्छिक सोय) बंद करा. त्याने वेळ वाचतो, पण अनेक फायली एकत्र जोडून कंपाइल होत असल्याने रॅम जास्त लागते. ८ जीबी स्वॅप असू द्या. स्वॅपशिवाय जेंटू चालवण्यात कसली मर्दुमकी नाही.

ओदोन:
मेमरीचं वर आलंच. मला खरी भीती फास्ट-मॅथची (अचूकतेचे नियम सैल करून गणित वेगवान करणारा फ्लॅग) वाटते. त्यात कंपायलर नॅन (संख्या नसलेलं उत्तर) आणि इन्फिनिटी येणारच नाहीत असं गृहीत धरतो. बिल्ड नीट होतं, एरर येत नाही, फक्त उत्तरं चुकतात. जीसीसी १३ च्या आधी तर अशा फ्लॅगने लिंक केलेली एक शेअर्ड लायब्ररी लोड झाली तरी अख्ख्या प्रोसेसचं फ्लोटिंग-पॉइंट वागणं बदलायचं.

-ओ३ ने कोड फुगतो आणि इन्स्ट्रक्शन कॅशवर ताण येतो. फायदा मोजल्याशिवाय सगळीकडे लावू नये. "-ओ२ -पाइप -मार्च=नेटिव्ह" पुरेसं आहे. एलटीओ (लिंक करताना सगळ्या कोडचं एकत्र ऑप्टिमायझेशन) हवंच असेल तर सोबत -डब्ल्यूएरर=ओडीआर, -डब्ल्यूएरर=एलटीओ-टाइप-मिसमॅच आणि -डब्ल्यूएरर=स्ट्रिक्ट-एलियासिंग द्या, म्हणजे सदोष कोड बिल्डमध्येच थांबेल. पण लिंक करताना रॅम आणखी लागते, हे १६ जीबीत विसरू नका.

एरवी फ्लॅग बदलल्यावर वर्ल्ड पुन्हा बांधायची गरज नसते, अपडेट येतील तसे नवे फ्लॅग लागू होतात. इथे मात्र फास्ट-मॅथ होतं, म्हणून ते काढून एकदा ईमर्ज -ई @वर्ल्ड (सगळी पॅकेजेस पुन्हा बांधायची आज्ञा) कराच.

पोर्टेजवाली:
त्या आधी यूजमधलं -* काढा. त्याने प्रोफाइलचे (जेंटूचा तयार सेटिंग्ज-संच) डीफॉल्ट जातातच, शिवाय ईबिल्डमध्ये (पॅकेज बांधायच्या सूचनांची फाइल) + लावून दिलेलेही उडतात. मग रिक्वायर्ड_यूजच्या (कोणते फ्लॅग एकत्र हवेत याचे नियम) तक्रारी निस्तरत बसावं लागतं. योग्य प्रोफाइल निवडा, नको तेवढंच वजा करा, बाकी पॅकेज.यूजमध्ये. सीपीयूचे यूज फ्लॅग मार्च=नेटिव्हने आपोआप येत नाहीत; सीपीयूआयडी२सीपीयूफ्लॅग्ज चालवून त्याचं आउटपुट तिथेच टाका.

पुढे कधी यूज बदललात तर --चेंज्ड-यूज वापरा. --न्यूयूज हे ईबिल्डमध्ये तुम्ही न वापरलेला फ्लॅग आला-गेला तरी पॅकेज पुन्हा बांधतं.

वेबइंजिन स्वतःच बांधायचा हट्ट नसेल तर डिसेंबर २०२३ पासून जेंटूची अधिकृत बायनरी (आधीच कंपाइल केलेली) पॅकेजेस आहेत. एक्स८६-६४-व्ही३ (नव्या सीपीयूंचा गट) ची वेगळी आवृत्तीही मिळते आणि तुमच्या सीपीयूवर ती चालते. --गेटबिनपीकेजी द्या. यूज जुळले तरच बायनरी मिळेल, -* असताना फारशा जुळणार नाहीत.

टर्मिनलकर:
धन्यवाद. ईमर्ज --रिझ्युमने अर्धं झालेलं बिल्ड पुढे चालू होईल का?

कर्नलपंत:
नाही. रिझ्युम पॅकेजेसची यादी पुढे नेतं, पडलेलं पॅकेज पहिल्यापासून सुरू होतं. आणि फसलेल्या बिल्डची डिरेक्टरी टीएमपीएफएसवर तशीच पडून असेल, ती आत्ताही रॅम अडवून बसली आहे. आधी /व्हार/टीएमपी/पोर्टेजमधलं ते पुसा.