साईट बनवून दिली, आता दरवर्षीचे पैसे कोणत्या तोंडानं मागू?

वरूडचा वेबवाला

नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यात छोट्या दुकानदारांच्या, कृषी केंद्रांच्या, रोपवाटिकांच्या वेबसाईट करतो. एकटाच आहे, घरची समोरची खोली हेच ऑफिस. कामं मिळतात, तक्रार त्याची नाही. तक्रार दुसऱ्या वर्षाची आहे.

शेंदुरजना घाटकडे संत्र्याच्या कलमांचा धंदा केवढा आहे हे इकडच्यांना सांगायला नको. अशाच एका रोपवाटिकेची साईट मागच्या उन्हाळ्यात करून दिली. जंबेरीवरच्या कलमा वेगळ्या, रंगपूरवरच्या वेगळ्या (ज्यावर कलम बांधतात त्या खुंटांची ही नावं), मोसंबी, लिंबू, प्रत्येकाचं वेगळं पान. पांढुर्णा, सौसरकडून गिऱ्हाईक येतं म्हणून हिंदीतही केलं. रोपवाटिकेचे मालक काका खूश होते. आता मे अखेर डोमेन (साईटचं नाव) आणि होस्टिंग (साईट ठेवायची भाड्याची जागा) यांची मुदत संपते म्हणून फोन केला, तर म्हणाले, "एकदा केली ना बावा साईट, मंग दरवर्षी कायचे पैसे? फ्लेक्स लावला त त्याचे दरवर्षी देतो का मी?"

माणूस बुडवणारा नाही. पण मे महिन्यात कोणाच्याच हातात रोकड नसते, कलमांचा खरा उठाव पाऊस पडल्यावर. वर पुन्हा सीझनमध्ये रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज, "भाव बदलून टाकजो भाऊ". याचा हिशेब कशात धरायचा?

जाता जाता दुसरं. एका कृषी केंद्रवाल्यानं मजकूर पेजमेकरच्या (छपाईच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या) फाईलमध्ये दिला, सगळा श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. साईटवर चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. सगळं नव्यानं टाईप करावं लागेल का?

दिग्रसकर

खरं सांगू? रोपवाटिकेला साईट लागतच नाही. गूगलवर धंद्याचं प्रोफाईल फुकट होतं. फोटो, फोन नंबर, नकाशा सगळं त्यात. नूतनीकरणाची कटकटच नाही.

दारव्ह्याचा जुना डीटीपीवाला

दिग्रसकर, किराणा किंवा सलूनसाठी तुमचं बरोबर आहे, मी स्वतः अशांना साईटचं नाव काढू देत नाही. पण प्रोफाईल कामाला येतं ते जवळपास शोधणाऱ्याला. राज्याबाहेरचा शेतकरी हजार कलमांची ऑर्डर देण्याआधी खुंट कोणता, परवाना आहे का, गाडी कुठवर येते हे बघतो. ते लिहायला स्वतःची जागा लागते.

आता वेबवाले भाऊ, तुमचं. काका फ्लेक्सचं बोलले ना? त्यांना त्यांचाच परवाना दाखवा. फळरोपवाटिकेला परवाना लागतो, त्याचं नूतनीकरण ते गुपचूप करतातच. तिथं कोणी "एकदा काढला ना" म्हणत नाही. माझ्याकडच्या एका कृषी केंद्रवाल्याला बियाणं-खताच्या परवान्याचं उदाहरण दिलं, पुढं वाद झाला नाही.

बिलात "वार्षिक शुल्क" असा एकच आकडा टाकू नका. त्यानं माणूस बिचकतो, हे पैसे तुमच्या खिशात जातात असं त्याला वाटतं. डोमेन वेगळं, होस्टिंग वेगळं, दोन्हीच्या कंपनीच्या पावत्या सोबत. त्याखाली तुमची मजुरी. एसएसएलचे, म्हणजे साईट सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्राचे, पैसे मात्र लावू नका. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट आहे, थोड्याच दिवसांचं असलं तरी बहुतेक होस्टिंगवर आपोआप नवं होतं. त्याचे वेगळे पैसे उकळणारे आपल्यात आहेत, म्हणून तर लोकांचा भरवसा उडतो.

डोमेन काकांच्या नावावर, त्यांच्याच ईमेलवर पाहिजे. पासवर्ड लिहून त्यांच्या हातात. उद्या तुम्ही पुण्याला गेले तर त्यांचं अडू नये. कार्डावरच्या ऑटो-रिन्यूवर मात्र विसंबू नका. २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम कडक झाले, बाहेरच्या कंपन्यांची आपोआप कपात कधी होते, कधी अडकते. डॉट कॉमची मुदत टळली की थोडे दिवस नेहमीच्या दरात मिळतं, त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा (नाव सोडवून घ्यायचा) काळ, त्यात दंड लागतो. तेही गेलं तर नाव दुसरा कोणी उचलू शकतो.

आणि मे महिन्याची अट तुमच्यावर कोणी घातली? डोमेन मुदतीआधी कधीही नूतन करता येतं, उरलेले महिने बुडत नाहीत, वर्ष पुढं जोडलं जातं. बहुतेक होस्टिंगचंही तसंच. कापूसवाल्यांचं बिल मी डिसेंबर-जानेवारीत पाठवतो. तुमच्या काकांचं ऑगस्टमध्ये, कलमा उठल्या की. याच खेपेपुरते फक्त डोमेन-होस्टिंगचे घ्या, मजुरी ऑगस्टमध्ये. तेव्हाच डोमेन दोन-तीन वर्षांसाठी वाढवून टाका, एका वेळी १० वर्षांपर्यंत ठेवता येतं.

वरूडचा वेबवाला

हे आवडलं. डोमेन त्यांच्याच नावावर आहे, ईमेल पुतण्याचा आहे. मुदतीआधी भरलं तर महिने जातात असंच सगळे सांगतात, म्हणून मी थांबत होतो. रात्रीच्या भावाचं काय पण?

दारव्ह्याचा जुना डीटीपीवाला

भाव गूगल शीटमध्ये ठेवा, शीट पुतण्याच्या मोबाईलवर. साईटवर तोच तक्ता दिसेल, आकडा बदलायचा त्यानं. बदल दिसायला पाच-सात मिनिटं लागतात, तेवढं आधी सांगून ठेवा, नाहीतर लगेच फोन येईल. नवीन पान, नवीन फोटो असेल तर मजुरी. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो घेऊ नका, पार दाबले जातात. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" म्हणा, मग तुम्हीच लहान करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये ठेवा.

श्रीलिपीचं: टाईप करू नका, युनिकोडमध्ये (साईटवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत) बदलणारे कन्व्हर्टर आहेत. श्रीलिपीत एकच मांडणी नाही, फाईलमध्ये फॉन्ट कोणता ते आधी बघा आणि तोच निवडा. बदलल्यावर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि "ऱ्य" डोळ्यांनी तपासा, गडबड तिथंच होते. औषधांची नावं, एकरी मात्रा आणि आकडे मात्र दुकानदारालाच वाचायला द्या. साईटसाठी "मुक्त" किंवा "नोटो" नावाचा फॉन्ट घ्या, ओळींत अंतर जरा जास्त, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला भिडतो.

आर्वीची पोरगी

यात माझं एक: मथळ्याला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) देऊ नका. इंग्रजीत छान दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटते. तयार थीममध्ये ते आधीच दिलेलं असतं, शून्य करा.